एमएस (साधे पोलाद) आणि एसएस (स्टेनलेस स्टील) यांच्या जोडाची ताकद नेमकी कशी तपासावी?

गोकुळशिरगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यांची दुरुस्तीची आणि नव्या भांड्यांची कामे आमच्याकडे येतात. सध्या एका कारखान्यासाठी उसाच्या रसाचे एक मोठे भांडे तयार करत आहोत. त्याचे अंग ३०४ ग्रेडच्या १० मिमी जाडीच्या स्टेनलेस प्लेटचे आहे, तर खालचा स्कर्ट (भांडे ज्यावर उभे राहते तो पायथा) आणि आधाराचे ब्रॅकेट आयएस २०६२ मधील ई २५० ग्रेडच्या साध्या एमएसचे आहेत. स्कर्टचा जोड बट प्रकारचा (कडेला कड भिडवलेला) आहे आणि ब्रॅकेटचे जोड फिलेट प्रकारचे (कोनात भरलेले) आहेत. रूटचा, म्हणजे जोडाच्या तळाचा, रन (थर) टिग वेल्डिंगने ३०९एल फिलर (भरणीची) वायर वापरून, आणि वरचे रन ई३०९एल-१६ रॉडने भरले आहेत.

कारखान्याच्या तपासनीसांनी जोडाच्या ताकदीचा अहवाल मागितला, म्हणून त्याच प्लेटमधून बट जोडाचे दोन तुकडे करून यूटीएमवर (ताणचाचणीच्या यंत्रावर) ओढून घेतले. छेद १९ बाय १० मिमी होता. पहिला तुकडा ८६ किलोन्यूटनला आणि दुसरा ८५ किलोन्यूटनला तुटला, म्हणजे ताकद अनुक्रमे ४५३ आणि ४४७ मेगापास्कल भरते. दोन्ही तुकडे वेल्डपासून सुमारे ३० मिमी अंतरावर एमएसमध्ये तुटले आणि वेल्डला काहीही झाले नाही. आमच्या मते याहून चांगला निकाल असू शकत नाही. तपासनीसांचे म्हणणे मात्र असे की, हा अहवाल एमएस प्लेटचा आहे, जोडाचा नाही. मागील हंगामात दुसऱ्या एका वर्कशॉपने दिलेल्या भांड्याच्या ब्रॅकेटला चीर गेली होती, तेव्हापासून ते अधिक सावध झाले आहेत, हे मी समजू शकतो. परंतु त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का, आणि असल्यास आणखी कोणत्या चाचण्या कराव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उद्यमनगरी

माझ्या मते तपासनीस विनाकारण अडवणूक करत आहेत. एएसएमई या अमेरिकी यंत्र अभियंता संस्थेच्या संहितेतील, वेल्डिंगच्या पात्रतेच्या नवव्या विभागानुसार दोन वेगळ्या धातूंचा जोड ओढला असता, त्यातील कमी ताकदीच्या धातूसाठी ठरवलेली किमान ताकद गाठली की चाचणी उत्तीर्ण होते. ई २५० साठी ही किमान ताकद ४१० मेगापास्कल आहे आणि ३०४ साठी ५१५. तुम्ही ४१० ची रेषा दोन्ही तुकड्यांत ओलांडली आहे. इतकेच नव्हे, तर तुकडा वेल्डच्या बाहेर मूळ धातूत तुटला असेल, तर किमान ताकदीपेक्षा ५ टक्क्यांपर्यंत कमी आकडाही संहिता मान्य करते. संहितेचे ते कलम छापून अहवालाला जोडा आणि विषय संपवा. शिवाजी उद्यमनगरात आम्ही अशी कामे रोज करतो आणि ताणचाचणीच्या पुढे सहसा कोणी विचारत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. उद्यमनगरी यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत आणि तपासनीसांचे म्हणणेही बरोबर आहे.

ताणचाचणीत तुकड्याच्या संपूर्ण लांबीवर एकच भार असतो, आणि जो भाग सर्वांत आधी हार मानतो तेथे तुकडा तुटतो. तुमच्या तुकड्यात तीन धातू एका रांगेत आहेत: किमान ४१० मेगापास्कलचा एमएस, किमान ५२० मेगापास्कलचा ३०९एल वेल्ड आणि किमान ५१५ मेगापास्कलचा ३०४. अशा रांगेत एमएस तुटणार हे यंत्र सुरू करण्यापूर्वीच सांगता येते. यात एक गंमत आहे. कागदावर ३०४ चा यील्ड (धातू कायमचा ताणू लागतो तो बिंदू) २०५ मेगापास्कल आहे आणि एमएसचा २५०, त्यामुळे पुष्कळदा आधी स्टेनलेसची बाजू ताणू लागते. परंतु ताणल्यावर ते स्वतःच कठीण होत जाते, आणि पुढचा सगळा भार सोसताना एमएसला कंबर पडते. पुढच्या वेळी यंत्राजवळ उभे राहून पाहा. एमएसच्या बाजूची काळी पपडी आधी बारीक तिरप्या रेषांत तडकते, मग सुटून पडू लागते आणि त्याच पट्ट्यात गळा तयार होतो. तोपर्यंत वेल्ड जवळजवळ जसाच्या तसा असतो, कारण त्याची परीक्षा सुरूच झालेली नसते.

म्हणून तुमच्या ४५३ या आकड्यातून एवढेच कळते की जोड ४५३ पेक्षा दुबळा नाही. तो किती लवचीक आहे, दोन धातूंच्या सीमेवर ठिसूळ थर तयार झाला आहे का, आणि रूटपर्यंत धातू एकजीव झाला आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर त्या आकड्यात नाही. त्यातही कळीचा मुद्दा असा की, ठिसूळ थर बहुतेक वेळा ताकदीने जास्त असतो. चुकीच्या रॉडने तयार झालेला मार्टेन्साइट (पोलादाची कठीण, ठिसूळ रचना) ताणचाचणीत एमएसपेक्षा सहज वरचढ ठरतो आणि तुकडा पुन्हा एमएसमध्येच तुटतो. चांगला जोड आणि वाईट जोड असे दोन्ही तुकडे तुमच्या यूटीएमवर सारखाच आकडा देऊ शकतात.

जुना होल्डर

ताईंनी मुद्द्याचे सांगितले. आमच्या वेळी यूटीएम वगैरे काही नव्हते. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घणाने रूट उघडेल अशा दिशेने ठोकायचा. वाकला तर ठीक, कडकन तुटला तर तुटलेली जागा नीट पाहायची. राखाडी, दाणेदार आणि चमकणारे तोंड दिसले की तो जोड ठिसूळ समजायचा, आणि काळा पट्टा दिसला की स्लॅग अडकला किंवा धातू धरलाच नाही असे समजायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे लोहचुंबक खिशात ठेवा. चुंबक एमएसला घट्ट चिकटते आणि ३०४ प्लेटला चिकटत नाही. ३०९एल च्या वेल्डवर ते हलकेच ओढल्यासारखे जाणवते, कारण त्यात थोडा फेराइट (पोलादाची चुंबकीय रचना) असतो. वेल्डवरच जर ते एमएससारखे खटकन बसले, तर कोणीतरी ७०१८, म्हणजे साध्या पोलादाचा, रॉड मारला आहे, किंवा एमएस भलतेच जास्त वितळून वेल्डमध्ये मिसळले आहे. यावरून ताकद कळत नाही, पण चोरी पकडता येते. धागाकर्त्यांना विचारायचे आहे की, ब्रॅकेटचे जोडसुद्धा तुमच्याच वेल्डरने त्याच रॉडने मारले आहेत ना?

गोकुळशिरगावकर (धागाकर्ता)

काका, ब्रॅकेट आमच्याच वर्कशॉपमध्ये ३०९एल रॉडने मारले आहेत. चुंबक आजच लावून पाहिले, तुम्ही म्हणता तशी हलकी ओढ सर्वत्र जाणवते. मात्र गेल्या हंगामात चीर गेलेल्या त्या भांड्याच्या ब्रॅकेटवर चुंबक घट्ट बसते, असे तपासनीस सांगत होते. तेथे ७०१८ वापरला असावा असा त्यांचा कयास आहे. ७०१८ हा तर कमी हायड्रोजनचा उत्तम रॉड मानला जातो. मग स्टेनलेसला जोडताना तो इतका घातक का ठरतो?

सूक्ष्मदर्शी

हे आकडेमोडीने पटकन लक्षात येते. वेल्ड भरताना फिलरचा धातू एकटा राहत नाही. दोन्ही बाजूंच्या प्लेट थोड्या वितळून त्यात मिसळतात. हाताच्या रॉडने केलेल्या वेल्डमध्ये हे मिश्रण साधारण ३० टक्के धरू, म्हणजे १५ टक्के एमएसकडून आणि १५ टक्के ३०४ कडून.

३०९एल मध्ये क्रोमियम सुमारे २३.५ टक्के आणि निकेल सुमारे १३ टक्के असते. त्याचे ७० टक्के आणि ३०४ मधील १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल यांचे १५ टक्के अशी बेरीज केली, तर तयार वेल्डमध्ये क्रोमियम १९ च्या आसपास आणि निकेल १० च्या आसपास राहते. म्हणजे एमएस मिसळूनही वेल्ड जवळपास ३०४ सारखाच उरतो, आणि मिश्रणावरून वेल्डची रचना सांगणाऱ्या शेफलर यांच्या १९४९ च्या आकृतीवर तो बिंदू ऑस्टेनाइट (३०४ सारख्या स्टेनलेसची लवचीक, अचुंबकीय रचना) अधिक थोडा फेराइट या सुरक्षित पट्ट्यात पडतो. तो थोडा फेराइट आवश्यकही आहे, कारण गंधक आणि फॉस्फरस यांना तो सामावून घेतो आणि वेल्ड गोठताना पडणाऱ्या गरम चिरा टळतात.

आता ३०९एल ऐवजी ३०८एल वापरा. तीच बेरीज क्रोमियम १६ आणि निकेल ८ च्या आसपास येते आणि बिंदू मार्टेन्साइटच्या हद्दीत सरकतो. ७०१८ वापरला तर फिलरमध्ये क्रोमियम जवळजवळ नसतेच. स्टेनलेसकडून आलेले मोजके क्रोमियम आणि निकेल त्या साध्या पोलादात मिसळतात, आणि थंड होताना तो मिश्र धातू कठीण, ठिसूळ बनतो. रॉड चांगला आहे, फक्त ही जागा त्याची नाही. कमी हायड्रोजनचा गुण तेथे काही प्रमाणात उपयोगी पडतो खरा, पण धातूची जातच बदलल्यावर तो एकटा काय करणार?

आता चाचणीकडे येते. अशा जोडासाठी वाकवण्याची चाचणी घ्यावी, आणि तीसुद्धा वेल्डच्या लांबीच्या दिशेने. आपण नेहमी आडवी पट्टी कापतो, म्हणजे वेल्ड पट्टीच्या मधोमध आडवा येतो. दोन्ही बाजूंना एकच धातू असेल तर ती पद्धत ठीक आहे. येथे मात्र एक बाजू दुसरीपेक्षा मऊ असल्यामुळे पट्टी मऊ बाजूलाच जास्त वाकते, वेल्ड पंचाच्या टोकावरून सरकून एका बाजूला जातो, आणि ज्या जागेची परीक्षा घ्यायची ती जागा कमी वाकून निसटते. पट्टी वेल्डच्या लांबीने कापली, तर एमएस, वेल्ड आणि ३०४ हे तिघेही शेजारी शेजारी राहतात आणि तिघांनाही सारखेच वाकावे लागते. त्यात सीमेवर ठिसूळ थर असेल, तर तो आडव्या बारीक चिरांची रांग दाखवल्याशिवाय राहत नाही. दोन मूळ धातूंच्या वाकण्याच्या गुणांत ठळक फरक असेल तर लांबीच्या दिशेची पट्टी घेण्याची मुभा एएसएमईच्या नवव्या विभागात आहे. वेल्डिंगच्या पद्धतीच्या पात्रतेचे मानक असलेल्या आयएसओ १५६१४-१ मध्येही भिन्न धातूंच्या बट जोडासाठी ती आहे.

१० मिमीच्या पट्टीला ४० मिमी व्यासाचा पंच आणि खालच्या रोलरमध्ये सुमारे ६३ मिमी अंतर ठेवून पट्टी पूर्ण १८० अंशांत वाकवतात. यात बाहेरच्या पृष्ठभागावर २० टक्के ताण येतो. हा आकडा पट्टीची जाडी भागिले (पंचाचा व्यास अधिक जाडी), या सूत्रातून निघतो. वाकवल्यानंतर वेल्डमध्ये किंवा शेजारच्या उष्णताबाधित पट्ट्यात ३ मिमीपेक्षा मोठी उघडी चीर दिसता कामा नये. कोपऱ्यावरची चीर मोजत नाहीत, मात्र ती स्लॅगमुळे किंवा धातू न धरल्यामुळे उघडली असेल तर मोजावीच लागते. पट्टीच्या कडा कानशीने गोलसर करून घ्या, नाहीतर उगाच कोपऱ्यावर चिरा दिसतात आणि वाद वाढतो.

उद्यमनगरी

मुद्दा पटला. तरीही व्यवहार पाहावा लागतो. प्रत्येक भांड्यासाठी ताण, वाक, काठिण्य आणि आणखी काय काय करत बसलो, तर चाचण्यांचा खर्च कामाच्या दराशी जुळणार कसा? आमच्याकडे तर पट्टी कापण्यापासून अडचण असते. गॅस कटरने एमएस कापले जाते, स्टेनलेस कापले जात नाही.

सूक्ष्मदर्शी

चाचण्या प्रत्येक भांड्यासाठी करायच्या नसतात, त्या वेल्डिंगच्या पद्धतीसाठी करायच्या असतात. धातूंची जोडी, फिलर, जाडीचा पल्ला आणि प्रक्रिया तीच राहिली, तर एकदा सिद्ध केलेली पद्धत पुढे चालते. एएसएमईच्या वर्गवारीत साधे पोलाद पी-१ मध्ये आणि ३०४ पी-८ मध्ये मोडते. म्हणून पी-१ ला पी-१ जोडण्याचा तुमचा जुना कागद या जोडीला लागू होत नाही, नवा करावाच लागतो.

पट्टी प्लाझ्माने किंवा बँडसॉने कापा. प्लाझ्माने कापल्यास कडेचा उष्णतेने बदललेला भाग मिलिंगवर काढून टाका. स्टेनलेसच्या बाजूला ग्राइंडर मारायचा असेल तर एमएसवर वापरलेली चकती वापरू नका, लोखंडाचे कण रुतून तेथे गंज धरतो.

खर्चात खरोखर हात आखडता घ्यायचा असेल, तर माझी पसंती मॅक्रो परीक्षेला राहील. ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे आणि सर्वांत जास्त बोलते. जोडाचा आडवा छेद कापून पॉलिश पेपरवर घासत न्यायचा आणि अल्कोहोलमध्ये नायट्रिक आम्ल मिसळून केलेल्या नायटलने पुसायचा. काही क्षणांत एमएसची बाजू करडी होते, तिच्यात उष्णताबाधित पट्टा वेगळ्या छटेत उमटतो, आणि वेल्ड व ३०४ मात्र आरशासारखे चकचकीत राहतात, कारण नायटल स्टेनलेसला चढत नाही. त्यामुळे एमएस कोठे संपले आणि वेल्ड कोठे सुरू झाला, ही रेषा पेनाने काढावी इतकी स्पष्ट दिसते. स्टेनलेसच्या बाजूची रेषा पाहायची असेल तर १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात विजेच्या साहाय्याने एचिंग करावे लागते. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा लागतोच.

काठिण्याबद्दल मात्र एक सावधगिरी सांगते, कारण अहवालांत येथे नेहमी फसगत होते. विकर्स चाचणीत १० किलो भार वापरला, तर २०० काठिण्याच्या धातूवर हिऱ्याच्या ठशाचा कर्ण सुमारे ०.३ मिमी भरतो. एमएस आणि वेल्ड यांच्या सीमेवरचा कठीण थर पुष्कळदा केवळ काही दशक मायक्रॉन रुंद असतो. म्हणजे ठसा त्या थरापेक्षा कितीतरी मोठा पडतो, अलीकडचा मऊ एमएस आणि पलीकडचा मऊ वेल्ड यांची सरासरी काढतो आणि सगळे १८०, १९० असे छान दाखवतो. तोच भार १०० ग्रॅम घेतला तर ४०० काठिण्यावर ठसा सुमारे २२ मायक्रॉनचा पडतो आणि थर पकडीत येतो. म्हणून प्रयोगशाळेला काम देताना केवळ काठिण्य चाचणी असे न लिहिता, सीमारेषेवर सूक्ष्म काठिण्य, भार १०० ग्रॅम, असे स्पष्ट लिहावे. ३०९एल वापरूनही हा थर काही ठिकाणी सापडतो. तो अरुंद आणि तुटक असेल, आणि वाकवलेली पट्टी स्वच्छ असेल, तर माझ्या मते घाबरण्याचे कारण नाही. तो सलग आणि रुंद असेल तर पद्धत बदलावी.

पदविका तिसरे वर्ष

मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. जोड न तोडता अल्ट्रासॉनिकने किंवा चुंबकीय कणांच्या चाचणीने हेच कळू शकत नाही का?

सूक्ष्मदर्शी

चुंबकीय कण येथे निरुपयोगी आहेत. ऑस्टेनाइटी स्टेनलेस चुंबकाला प्रतिसाद देत नाही आणि एमएस व वेल्ड यांच्या सीमेवर कण असेही गोळा होतात, त्यामुळे चीर नसतानाही चीर आहे असे वाटते. अल्ट्रासॉनिकमध्ये ऑस्टेनाइटी वेल्डचे मोठे, एकाच दिशेने वाढलेले कण लहरीला वाकवतात आणि विखुरतात, त्यामुळे साध्या प्रोबवर विश्वास ठेवता येत नाही. पृष्ठभागासाठी डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) आणि आतल्या पोकळ्यांसाठी रेडिओग्राफी ठीक. परंतु या चाचण्या दोष शोधतात, ताकद मोजत नाहीत. ठिसूळ पण अखंड असलेला जोड या सर्वांतून निर्धोक म्हणून बाहेर पडेल.

गाळप विभाग

मी एका सहकारी साखर कारखान्यात काम करतो. सर्व चर्चा खोलीच्या तापमानाला तोडलेल्या तुकड्यांची चालली आहे, म्हणून भांडे चालू असतानाची बाजू मांडतो. एमएस तापल्यावर दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते आणि ३०४ सुमारे १७ मायक्रॉन. भांडे २५ अंशांवरून ११० अंशांवर गेले, तर एक मीटर लांबीच्या जोडात दोन्ही धातूंच्या वाढीत सुमारे ०.४ मिमी फरक पडतो. तो फरक कोठेतरी सामावून घ्यावा लागतो आणि तो बहुतेक त्या जोडावर आणि ब्रॅकेटच्या टोकांवरच येतो. हंगामात भांडे धुण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी वारंवार थंड करून पुन्हा तापवतात. आमच्याकडे ज्या चिरा दिसल्या, त्या बहुतेक ब्रॅकेटच्या टोकाला, जेथे फिलेट एकदम संपतो तेथे सुरू झालेल्या होत्या. स्कर्टच्या बट जोडाला चीर गेलेली मी पाहिलेली नाही. म्हणून तपासनीसांनी बट जोडाच्या अहवालावर समाधान मानू नये असे मला वाटते. परीक्षा एका जोडाची आणि प्रमाणपत्र दुसऱ्याला, हे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढण्यासारखे झाले.

जुना होल्डर

साहेब, हेच मी सांगत होतो. फिलेटचा तुकडा तोडा. एका पट्टीवर दुसरी उभी करायची, एकाच बाजूने फिलेट भरायचा आणि उभी पट्टी वेल्डच्या अंगावर पाडायची, म्हणजे रूट उघडते. घण नको असेल तर प्रेसवर पाडा. बिल मारणाऱ्याला चार कागद लागतात, पण वेल्डरला तुटलेले तोंड दाखवले की तो पुन्हा तशी चूक करत नाही.

गोकुळशिरगावकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सुचवल्याप्रमाणे काम केले आहे, त्याचा तपशील देतो.

लांबीच्या दिशेने कापलेल्या दोन पट्ट्या, एक फेस (वेल्डची वरची बाजू ताणणारी) आणि एक रूट (तळाची बाजू ताणणारी), ४० मिमी पंचावर १८० अंश वाकवल्या. फेसची पट्टी स्वच्छ आहे. रूटच्या पट्टीवर एमएसच्या सीमेजवळ सुमारे १ मिमीची एक चीर आहे, म्हणजे मर्यादेच्या आत. सूक्ष्म काठिण्यात सीमेवर दोन ठिकाणी ३८० च्या पुढे आकडे आले, बाकी रेषेवर २२० च्या आत आहेत. थर तुटक आहे असे प्रयोगशाळेने नमूद केले आहे.

फिलेटचा निकाल मात्र अनपेक्षित लागला. तोडलेल्या तुकड्याच्या तोंडावर, एमएसच्या बाजूला, रूटलगत जवळपास पूर्ण लांबीभर एक गुळगुळीत काळसर पट्टा दिसला. तेथे धातू धरलेलाच नव्हता. मॅक्रोच्या छेदातही तेच दिसते: स्टेनलेसच्या बाजूला वेल्ड चांगला रुतला आहे आणि एमएसच्या बाजूला तो रूटजवळ नुसता टेकला आहे. पायाची लांबी बाहेरून मोजली तर दोन्हीकडे सारखीच भरते, त्यामुळे गेजने हे कधीच कळले नसते. वेल्डरला विचारले असता त्याने सांगितले की, एमएस वेल्डमध्ये कमी मिसळावे म्हणून तो आर्क मुद्दाम स्टेनलेसकडे धरतो. हे नेमके कसे सुधारावे?

जुना होल्डर

त्याला शिकवणाऱ्याने अर्धेच शिकवले. आर्क स्टेनलेसकडे थोडा झुकवायचा हे खरे, पण एमएस उष्णता पटकन ओढून घेते, स्टेनलेस घेत नाही. त्यामुळे आर्क फार झुकवला तर एमएस वितळण्याइतके तापतच नाही. रॉड कोनाच्या मध्यावर आणा आणि आर्क आखूड धरून रूटमध्ये नेम धरा. एमएसवर काळी पपडी शिल्लक असेल तर ती ग्राइंडरने चमकेपर्यंत काढा, तिच्यावर धातू धरत नाही. पहिला रन जाड रॉडने मारत असाल तर २.५ मिमी रॉड घ्या.

सूक्ष्मदर्शी

काकांशी सहमत आहे. मिश्रण कमी ठेवण्याचे काम फिलरवर सोपवा, वेल्डरच्या मनगटावर नको. ३०९एल मध्ये क्रोमियम आणि निकेल जास्त ठेवलेले असते ते याचसाठी, त्यामुळे ३० टक्क्यांऐवजी ३५ टक्के मिश्रण झाले तरी तो सांभाळून घेतो. न धरलेला रूट मात्र कोणताही फिलर सांभाळून घेत नाही. नव्या पद्धतीने फिलेट भरून पुन्हा एक तुकडा तोडा आणि दोन छेदांची मॅक्रो घ्या. छेद अगदी सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाला घेऊ नका, मात्र रॉड बदलल्याची जागा छेदात येईल असे पाहा. गाळप विभाग यांनी सांगितलेल्या टोकाच्या चिरांसाठी, ब्रॅकेटच्या टोकाला वळसा घालून फिलेट बंद करावा. ज्या ब्रॅकेटचे जोड आधीच भरले आहेत, त्यांची मजल डाय पेनिट्रंटपुरती आहे आणि रूट त्यातून दिसणार नाही. तेव्हा ते गाऊज करून (खोदून काढून) पुन्हा भरायचे की नाही, हा निर्णय तपासनीसांसोबत बसूनच घ्यावा. माझे मत भरावेत असेच आहे.

गोकुळशिरगावकर (धागाकर्ता)

पुन्हा भरत आहोत. तपासनीसांनाही तेच मान्य आहे.

बीडकाम, शिरोली

चर्चा वाचून एक शंका विचारतो. आमची शिरोलीत फाउंड्री आहे. एका ग्राहकाला एसजी आयर्नच्या (गोलाकार ग्राफाइटच्या बिडाच्या) ५००/७ ग्रेडच्या कास्टिंगला एमएसचा फ्लँज वेल्ड करून हवा आहे. निकेल-लोह रॉड वापरणार आहोत. ग्राहकाने वाकवण्याची चाचणी ४० मिमी पंचावरच मागितली आहे आणि पट्टी दरवेळी अर्ध्यातच तुटते. तुटते ती वेल्डमध्ये नव्हे, कास्टिंगमध्ये.

सूक्ष्मदर्शी

तुटणारच. ४० मिमी पंचावर १० मिमी पट्टीला २० टक्के ताण सोसावा लागतो, आणि ५००/७ ग्रेडच्या नावातला ७ हा आकडाच सांगतो की त्या धातूची किमान लांबण ७ टक्के आहे. लांबण २० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या धातूंसाठी आयएसओ १५६१४-१ मध्ये पंचाचा व्यास काढण्याचे सूत्र आहे: जाडी गुणिले १०० भागिले लांबण, वजा जाडी. ती पद्धत मूळची पोलादासाठी असली तरी हिशेब येथेही उपयोगी पडतो. १० मिमी पट्टीसाठी तो व्यास सुमारे १३३ मिमी येतो. ग्राहकाला हे गणित लेखी कळवा आणि त्याच व्यासाचा पंच करून घ्या. शिवाय येथे वाकवण्यापेक्षा सीमेची सूक्ष्म काठिण्य चाचणी अधिक महत्त्वाची आहे, कारण एसजी आयर्नमधील कार्बन वितळून झटपट थंड झाला की सीमेवर पांढऱ्या बिडाचा कार्बाइडचा थर तयार होतो आणि तो मार्टेन्साइटपेक्षाही कठीण असतो. चाचणीचे तुकडे वेगळ्या ओतलेल्या पट्टीतून न घेता, त्याच हीटच्या (एकाच वेळी वितळवलेल्या धातूच्या) आणि फ्लँजच्या जागेइतक्याच जाडीच्या कास्टिंगमधून घ्या, कारण जाडी बदलली की थंड होण्याचा वेग बदलतो आणि थराची रुंदीही बदलते.

जुना होल्डर

शिरोलीच्या साहेबांना प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत एक उपाय सांगतो. वेल्ड केलेला फ्लँज लेथवर चढवून सीमेवरून हलका कट घ्या. हत्यार एमएसवरून सरळ जाते, वेल्डवरूनही जाते, आणि कास्टिंगला टेकण्याच्या जागी जर ते कुरकुरत घसरू लागले, चीप येण्याऐवजी भुकटी पडू लागली, तर प्रीहीट कमी पडला आहे असे समजून पुढचे कास्टिंग अधिक तापवून घ्या आणि वेल्डनंतर चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू थंड होऊ द्या.